सुट्टे

नाना पेठेतून निघालो तेव्हा साडेसहा.
दांडेकर पुलाच्या वळणावर पडलो
तेव्हा घड्याळही फुटलं,
म्हणून वेळ पक्की सांगता येते :
सहा अठ्ठेचाळीस.

गाडी आधी गेली, मी तिच्या मागून.
हेडलाइट चालूच राहिला,
कणसवाल्याच्या अनवाणी पायांवर.

लोकांनी उचललं. आपल्याकडे उचलता उचलता
चूकही दाखवून देतात.
"काका, मागचं टायर बघा,
ऑईलनं न्हालंय."
चेंबरखाली बोल्ट नव्हताच.
होतं एक भोक, आणि त्यातून
शेवटचं, सावकाश, काळं.

दुसऱ्या दिवशी डावा हात गळ्यात अडकवून
रिक्षातून उलटा निघालो, खाली बघत.
नीलायमपाशी थेंब दाट,
सारसबागेपाशी तुटक,
स्वारगेटच्या सिग्नलला घावनाएवढा डाग.
इथे एक स्कूटरवाला काहीतरी ओरडला होता,
बोटानं खाली दाखवत.
मी मान हलवली होती.
मला वाटलं, पत्ता विचारतोय.

सव्वीस वर्षं पतसंस्थांचं ऑडिट केलंय,
माग काढणं हातातलं काम.
माग सेव्हन लव्हज चौकातून
सरळ दस्तगीरभाईंच्या शटरपर्यंत.

"कुणी केली सर्व्हिसिंग?"
"परमेश्वरनं," भाई म्हणाले, आणि आत हाक मारली.
परमेश्वर बाहेर आला, चिंधीला हात पुसत.
एकोणीस वर्षांचा, उदगीरकडचा.
"बोल्ट आवळला होतास का रे?"
तो माझ्याकडे बघत राहिला.
मी प्लास्टरकडे.

कारण त्या संध्याकाळी
तो गोणपाटावर आडवा होता,
बोल्ट बोटांनी तीन आटे चढलेला,
सतराचा पाना दुसऱ्या हातात,
आणि मी म्हणालो होतो,
"अरे, आधी पाचशेचे सुट्टे आण.
मला उशीर होतोय."

उशीर कसला? सोसायटीची मीटिंग, सातला.
कोरम कधीच साडेसातच्या आत भरत नाही.

तो उठला. टपरीवरून
शंभराच्या चार, पन्नासाच्या दोन घेऊन आला.
तोवर भाईंनी वरून ऑईल ओतलं होतं.
"एक चक्कर मारून देतो, काका," तो म्हणाला.
मी किक मारलेली होती.

हे सगळं मला शटरपाशी उभ्या उभ्या आठवलं.
नंतर आठवलं, असं म्हणायची सोय नाही.

"नाही आवळला," परमेश्वर म्हणाला.
एवढंच. सुट्ट्यांचं नाव नाही.

भाईंनी गल्ल्यातून अठराशे काढले.
"एक्स-रेचे. याच्या पगारातून वळते करीन."
मी घेतले, उजव्या हातानं,
आणि जन्मात पहिल्यांदा
मोजून घेतले नाहीत.

घरी ही म्हणाली, "त्यांची चूक, मग घ्यायलाच हवेत.
लेखी का नाही घेतलंत?"

रात्री वहीत दोन रकाने पाडले.
जमेला अठराशे.
नावे?
नावे कुणाचं नाव लिहू?
बोल्टचं? कोरमचं?
स्वारगेटच्या त्या अनोळखी बोटाचं?
पेन्सिलीनं एक अक्षर काढलं, खोडलं.
कागद तिथे पातळ झालाय, अजून तसाच आहे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं.
गाडी पुन्हा तिथेच नेली.
दुसरीकडे नेली असती
तर भाईंना वाटलं असतं, मी रागावलोय.

परमेश्वर गोणपाटावर आडवा झाला.
जुनं ऑईल तसराळ्यात गळून संपलं.
बोल्ट बोटांनी चढवला, तीन आटे,
आणि थांबला.
गाडीखालूनच विचारलं,
"काका, सुट्टे हवेत का?
हवे असतील तर आत्ताच सांगा."

आवाजात काहीच नव्हतं.
कुत्सितपणा शोधला, सापडला नाही.

माझ्या डाव्या खिशात शंभराच्या अठरा नोटा होत्या,
बँकेतून सुट्ट्याच करून आणलेल्या.
हात तिकडे नेला.
मनगट अजून पुरतं वळत नव्हतं.