खांब ११४/७

आधी गँगमन इरपातेने पाहिला.
पुलाच्या अलीकडे, खांब ११४/७ जवळ,
डोकं गिट्टीवर, पाय पळसाच्या झुडपात
आणि एक चप्पल खाली नाल्यात,
जिथून दुसरा जिल्हा लागतो.

मी गावची पोलीस पाटील. फोन मीच लावला.
ठाण्याने विचारलं, "रुळावर आहे का?"
म्हटलं, डोकं आहे. तेही गिट्टीवर.
"मग रेल्वे पोलीस."
फोन ठेवला तेव्हा सकाळचे आठ.

रेल्वे पोलीस दुपारच्या पॅसेंजरने आले,
जीप होती, डिझेल नव्हतं.
हवालदार उकिडवा बसला, टेप काढला,
रुळापासून कानापर्यंत मोजलं.
"गाडीखाली आलेला नाही. जखम नाही, रक्त नाही.
नुसता आडवा झालाय.
आडवं होणं आमच्यात येत नाही, बाई."

त्यांच्या मागून रेल्वेचेच दुसरे, वेगळ्या पट्ट्यांचे.
त्यांनी माणसाकडे पाहिलंच नाही,
रुळाच्या चाव्या मोजल्या. एकही कमी नव्हती.
तसं लिहून घेतलं,
खाली सही माझी.

वनरक्षक पोरगाच होता, नवीन भरतीचा.
पायांभोवती जमीन हुंगल्यासारखी पाहिली,
पंजा नाही, ओढल्याची खूण नाही.
त्याचा चेहरा मोकळा झाला.
"वाघ असता तर मी हललो नसतो, काकू."
खरं बोलला असावा.

खाणीचे निळे शर्टवाले पिशवीसाठी आले,
पिशवी जड दिसत होती, कोळसा असेल म्हणून.
उलटी केली:
दोन भाकरी, जवसाची चटणी पुडीत,
आणि कोरं कुलूप, सात लिव्हरचं,
किल्ल्या सुतळीने बांधलेल्या.
त्यांनी कुलूप हातात तोललं, परत ठेवलं.
दारूबंदीवाल्याने तोंडाशी वाकून वास घेतला,
उभा राहिला, मान हलवली,
घड्याळ पाहिलं.

दिवे लागणीला पलीकडच्या जिल्ह्याचे आले,
नाल्याच्या त्या काठावर उभे राहिले,
टॉर्च आधी पाण्यावर, मग वर.
ओरडून सांगितलं,
"चप्पल आमची! माणूस तुमचा!"
आणि चप्पलही नेली नाही.

रात्री मी आणि कोतवाल झिबल.
पऱ्हाट्यांचा जाळ केला, कुत्री लांब राहावीत म्हणून.
माझी शाल त्याच्या तोंडावर.
अंगात थंडी शिरत होती आणि मला राग येत होता
त्या माणसाचाच,
की जरा चार पावलं पुढे जाऊन,
किंवा चार पावलं मागेच, बसायचं होतं.

कोळशाची मालगाडी गेली, अठ्ठावन्न डबे,
झिबल मोजतो, त्याला सवय आहे.
गाडी संपल्यावर तो म्हणाला,
"पाटीलबाई, दोन हात खाली वढून घेऊ का?
मंग आपल्याच ठान्याचा होते."

मी काही बोलले नाही.
त्याने काखेत हात घातले, मी पाय धरले.
वाटलं होतं त्यापेक्षा हलका निघाला.
पळसाच्या पलीकडे,
गावच्या शिवारात, गायरानात ठेवला,
पिशवी उशाशी.
मग झिबल खाली उतरला, पाण्यातून चप्पल आणली
आणि दुसऱ्या चपलेशेजारी मांडली,
दाराबाहेर काढतात तशी.

सकाळी नऊला ठाण्याची गाडी आली.
जमादार म्हणाला, "हा तर सरळ आपल्यातच आहे,
काल काय सांगत होता तुम्ही फोनवर?"
म्हटलं, अंधार होता साहेब.
सकाळी आठला? त्याने विचारलं नाही.

पंचनामा: अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास.
प्रेत जागचे हलविलेले नाही.
पंच क्रमांक एक, झिबल. अंगठा.
पंच क्रमांक दोन, इरपाते, जो सगळं पाहून गप्प राहिला.
सही: बेबीनंदा ठेंगणे, पोलीस पाटील.

मुद्देमाल: कापडी पिशवी एक, कुलूप एक, किल्ली एक.

किल्ल्या दोन होत्या.