दोन वह्यांच्या मध्ये

विल्माला पुरावा हवा आहे.
तिच्या त्या मंडळात, जिथे जुन्या डच घराण्यांच्या लेकी
पातळ कपांतून चहा पितात,
अकरा पिढ्यांची अकरा लग्नं कागदावर दाखवावी लागतात.
दहा मिळाली.
अकरावं तिने माझ्या गळ्यात घातलं,
कारण मी रिटायर झाले आहे, कारण मला ते जुनं अक्षर लागतं,
कारण नाही म्हणायला मी नेहमीच उशीर करते.

म्हणून ही एसोपसच्या चर्चखालची खोली,
हीटरची कुरकुर, 'फक्त पेन्सिल वापरा' ही पाटी
आणि डॉमिनीचं अक्षर.
(पाद्र्याला तेव्हा डॉमिनी म्हणत.)
थंडीनं आखडलेलं, एका बाजूला कलतं,
जणू प्रत्येक शब्द शेगडीकडे सरकतोय.

नोव्हेंबर सोळाशे ब्याऐंशी.
बारेंट टोनिस, म्हणजे टोनिसचा पोरगा.
वाइन्त्ये कोर्नेलिस, म्हणजे कोर्नेलिसची पोरगी.
आडनाव असं नाहीच. बापाचं नाव तेवढं पाठीला,
पुढच्या पिढीत तेही कातीसारखं गळायचं.
तीन रविवार नावं वाचली.
कुणाची हरकत नाही.
आणि समासात, शाई संपता संपता:
दाखला दिला, ऑल्बनीसाठी.

म्हणजे लग्न इथे लागलं नाही.
दाखला घेऊन दोघं नदीने वर गेली.

ऑल्बनीची वही मी गुरुवारी पाहिली.
त्या हिवाळ्याचं एकही पान गहाळ नाही.
ओल नाही, वाळवी नाही, आग नाही.
नऊ लग्नं.
त्यांचं नाही.

नवव्यापाशी बोट थांबलं:
'मान्युएल आणि सुसाना, धन्याच्या परवानगीने.'
बस्स. बाप नाही, गाव नाही.
धन्याचं नाव मात्र पूर्ण तीन शब्दांचं.
ओळखीचं वाटलं.
त्याची एक नात आमच्या चौथ्या ओळीत
सून म्हणून येऊन बसली आहे.
मान्युएल-सुसानाचं लग्न तारखेनिशी शाबूत,
आमचंच तेवढं बेपत्ता.
मी ती ओळ उतरवून घेतली.
कुणी सांगितलं नव्हतं.

मग जूनमध्ये, पुन्हा एसोपसच्याच वहीत,
बाप्तिस्मा. मूल: नेल्त्ये.
बाप बारेंट. आई वेन्त्ये कोर्नेलिस
(स्पेलिंग तिसऱ्यांदा बदललं, बाई तीच).
माहेरचं नाव तसंच. त्या बायका ते सोडत नसत.
नोव्हेंबर ते जून मी बोटांवर मोजलं.
डॉमिनीनेही मोजलं असणार.
पण त्याने पुढे काही लिहिलं नाही,
साक्षीदारांची नावं घालून रेघ मारली.

मधलं सगळं पांढरं.
मोसमातलं शेवटचं गलबत, नदी काठाकडून गोठत आलेली.
कुठल्या तरी वळणावर बर्फाने त्यांना धरलं असेल,
कुणाच्या तरी तंबाखूच्या कोठारात
दाखला भिजून त्याचा लगदा झाला असेल,
आणि वसंतात परत आल्यावर कुणी विचारलं, झालं का?
तर ती म्हणाली असेल, झालं.
तिचं पोटही तेच सांगत होतं.

लाइल आणि मी एकतीस वर्षं एका छपराखाली राहिलो.
कुठेही सही केली नाही. आळस म्हणा.
शेवटच्या रात्री हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'नातं' या रकान्यात
नर्सने मला न विचारताच लिहिलं: पत्नी.
तो कागद कुठल्याशा कपाटात आहे.
तीनशे वर्षांनी कुणाची तरी विल्मा
तो पाहून सुटकेचा श्वास टाकेल.

काल तिचा फोन आला. मिळालं?
म्हटलं, मिळालं म्हण.
मंडळाचा फॉर्म माझ्यापुढे उघडा होता.
लग्नाची तारीख: कोरी ठेवली.
लग्नाचं ठिकाण:
मी 'नदी' असं लिहिलं.

विल्मा ते खोडणार, मला माहीत आहे.
पेन्सिलनेच लिहिलंय.
पण जरा दाबून.