हातचा एक

बावीस वर्षं माझा डावा हात
इंधनाच्या मुठीवर झोपला, मुठीवर उठला.
एकच इंजिन. सुरू करताना
डोळा तापमानाच्या काट्यावर,
कान आवाजाच्या पोटात,
आणि मूठ अशी फिरवायची
की दूध उतू जायच्या आत विस्तव मागे ओढता यावा.
दोनदा अगदी काठाला आलं होतं.
दोन्ही तारखा मला पाठ आहेत.

आज क्लाक्सविकच्या तळावर
नवं हेलिकॉप्टर उभं आहे, दोन इंजिनांचं.
वीबके, माझ्या मुलीहून तीनच वर्षांनी मोठी,
म्हणते, बार्डुर, हे बटण इथपर्यंत वळव
आणि मग काही करू नकोस.

काही करू नकोस!
इतक्या वर्षांत कुठल्याच यादीत
ही ओळ मी वाचली नव्हती.

वळवलं.
पडद्यावर आकडे चढू लागले,
दहा, अठरा, तेवीस.
ठिणगी पडली ती मला न सांगता.
इंधन किती, केव्हा, सगळं परस्पर ठरलं.
तापमान वर आलं, जरा घुटमळलं,
मग आपल्या जागी जाऊन बसलं.
माझा हात मांडीवर होता,
निवृत्त पोस्टमनसारखा,
सकाळी सहाला उगाच जाग येणारा.

आतला संगणक चुकला तर? मी विचारलं.
त्याच्या जोडीला दुसरा आहे.
आणि तोही चुकला तर?
मग तू आहेस की, वीबके म्हणाली,
आणि तिचं बोट यादीच्या पुढच्या ओळीवर सरकलं.

दुसरं इंजिन. तेही परस्पर.
दोन आकडे शेजारी शेजारी येऊन जुळले,
दोन वल्ही एकदम पाण्यात पडावीत तसे.

उचललं, तेव्हा घात केला तो पायांनी.
जुन्याची पाती ज्या दिशेनं फिरत
त्याच्या उलट याची फिरतात.
डोक्याला ठाऊक होतं.
रात्री वहीत लिहूनही ठेवलं होतं, डावा पाय, डावा.
पण पाय कुठे वही वाचतात?
उजवा दाबला गेला,
नाक उजवीकडे पळालं,
आणि कुंपणापलीकडची एक मेंढी
चरायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.
डावा, वीबके म्हणाली. ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग समुद्र. हजार फूट.
उजवीकडे स्वीनोय, पुढे फुग्लोयचे कडे
आणि कड्यांवरून खाली कोसळणारा वारा.
तिनं काही न बोलता
एक इंजिन मंद केलं.

मी पोटात खड्डा पडण्याची वाट पाहिली.
पडला नाही.
एक आकडा उतरला, दुसरा चढला,
पात्यांनी लय सोडली नाही.
आठ आणि पाच तेरा, तीन मांडायचे,
हातचा एक.
शाळेत बाई तो बोटावर धरून ठेवायला लावायच्या.
मांडत नाहीत, दिसत नाही,
पण विसरलात तर उत्तर चुकतं.

बावीस वर्षं या पाण्यावर
सिमेंट, मेंढ्या, दीपगृहाच्या बॅटऱ्या वाहत
मी हातचा न घेताच बेरजा करत होतो.
उत्तरं बरोबर आली, एवढंच.

हे मी वीबकेला सांगितलं नाही.
वारा फार आहे, म्हणालो.

बुधवारी पहिली नेहमीची फेरी.
हात्तरविकला सुन्नेवा चढली, एक्याऐंशी वर्षांची,
हातात रुबार्बची बादली.
पट्टा लावता लावता म्हणाली,
आवाज वेगळा येतोय रे, चालवतंय कोण?
मी, मी म्हणालो.
तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.
दांड्यावर जिथे मूठ असायची
तिथे अंगठा आपला फिरत होता,
नसलेलं काही तरी मोजून मापून सोडत.

बरं, ती म्हणाली,
आणि बादली गुडघ्यांत घट्ट धरली.
मी दांडा उचलला.
डावा.
डावा.