कोरडा पुठ्ठा

व्हार्लाम रोज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा ओढतो,
डागाभोवती पेन्सिलीने गोल काढतो, तारीख घालतो.
चौसष्ट सालची व्होल्गा,
कुताइसीत, नदीच्या पुलाजवळ, अक्रोडाखाली.

सील तीनदा बदललं. गॅस्केट स्वतः कापलं
बुटांच्या खोक्यातून, हातोडीने कडा ठोकत ठोकत.
तरी थेंब.
"म्हातारी झाली," शेजारची त्सिउरी म्हणते,
"आपलं तरी कुठे सगळं धरून राहतं?"
तो उत्तर देत नाही. तोंडात नट आहे.

आज उताणा पडून, कोपरात खडा रुतलेला,
नाकाशी त्या तेलाचा कुजक्या लसणासारखा वास,
गिअरबॉक्सच्या माथ्यावर चाचपताना
बोटाला लागली एक बारीक टोपी,
चिखलाने बुजलेली.
तारेने टोकरली.
फुस्स.

एवढंच होतं.
तापल्यावर आत हवा फुगायची,
तिला वर वाट नाही, म्हणून तेलाला रेटायची
मिळेल त्या फटीतून.
तीन निर्दोष सीलं
खिडकीतल्या बशीत पडून आहेत.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल कानामागेच राहिली.
पुठ्ठा बगलेत मारून तो त्सिउरीच्या दारात.
तिने चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिलं.
"यावर तर काहीच नाही की रे."