उलटा हात

मंगळवारी आणि शुक्रवारी
मिल्वॉकीच्या वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर,
मी ल्यूटगेन्स साहेबांची दाढी करतो.
खिडकीबाहेर तळं गोठलेलं.
तळं कसलं, समुद्रच तो, नुसता खारटपणा विसरलेला.

मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे की.
पण हात रिकामा राहिला की थरथरतो,
वस्तरा धरला की थांबतो.
वस्तरा इथे चालत नाही म्हणे;
डेलोरिस नर्स तेवढ्यापुरती चादरी मोजत बसते.

साहेबांच्या डाव्या गालावर वण आहे,
ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत.
त्यावर केस उगवत नाही.
येईल त्याला ते सांगतात:
मारबुर्ग, एकोणीसशे पंचावन्न.
डोळ्यांवर लोखंडी जाळी, गळ्याला जाड पट्टा,
गाल तेवढे उघडे.
मागे सरायचं नाही. मान चुकवायची नाही.
घाव आला तर घ्यायचा,
आणि जखम लवकर बुजू नये म्हणून
आत घोड्याचा केस ठेवायचा.
नोकरी देणारा आधी गाल बघायचा, मग कागद.

मी हूं म्हणतो. मला नवल नाही.
कागलच्या तालमीत माझ्या मामाचे कान
सुकल्या अंजिरासारखे चिंबलेले होते,
आणि त्या कानांवर त्याला बायको मिळाली.
तिथलाच एक रंगराव,
आखाड्यात कधी उतरला नाही,
तालमीमागे बसून मुसळाच्या बुडानं
स्वतःचाच कान ठेचायचा.
माझ्या बापाला ठाऊक होतं.
बाप त्याचे केस कापताना
कानावरची बट जरा जास्तच उडवायचा,
कान दिसावा म्हणून.
बोलला मात्र कधी नाही.

गेल्या शुक्रवारी ऊन बर्फावरून उलटून
थेट त्यांच्या गालावर पडलं
आणि मला दिसलं.

तलवार वरून येते.
पहिल्यांदा खोल, मग निसटत उथळ.
हा वण खालून वर गेलेला.
ओठापाशी हलका, चाचपल्यासारखा,
मधे धीर आलेला,
आणि कानापाशी बारीकसा आकडा,
जिथे मनगट वळतं, पातं उचलतं.
तलवारीला असं मनगट नसतं.
हा उलटा हात. आमचा.

माझा वस्तरा हवेत राहिला.
साहेबांनी डोळे उघडले.
त्यांचं इंग्रजी लंगडं, माझं त्याहून;
दोन लंगडे एकमेकांना धरून चालावेत
तसं आमचं बोलणं.
म्हणाले, वीस मार्क घेतले त्यानं.
स्टेशनमागचं दुकान, शटर ओढलेलं.
माझी पाळी यायच्या आदल्या महिन्यात
बापाचा कारखाना बुडाला, संघटनेची वर्गणी थकली.
मला कुणी उभंच केलं नाही.
मग थोडं थांबून:
त्याचा हात तुझ्यासारखाच होता. हलका.

नळ ठिबकत होता.
फेस गालावर वाळायला लागला होता.
मी वणावरून बोट फिरवलं,
एकदा खालून वर, एकदा वरून खाली.
म्हटलं, साहेब, रेघ सरळ आहे.
पातं कुठेही नागमोडी गेलं नाही.
तुम्ही हलला नाहीत.

त्यांनी छताकडे बघितलं, बराच वेळ.
त्र्याऐंशी वर्षांचा माणूस
असा गिळतो थुंकी,
की कंठमणी वर जाऊन खाली यायला
अर्धा दिवस लागावा.
नाही हललो, म्हणाले.

मी पुन्हा फेस केला.
वणाच्या दोन्ही बाजूंनी, अंग चोरून,
बांधावरून चालावं तसा, वस्तरा फिरवला.
तुरटी लावली.

दुपारी नात आली, ब्रिटा,
बरोबर होणारा नवरा, दाढीवाला, भला पोरगा.
त्यानं विचारलंच.
साहेब उशीवर जरा सावरून बसले:
मारबुर्ग, म्हणाले, एकोणीसशे पंचावन्न,
आणि एक क्षण माझ्याकडे बघून अडखळले.

मी धोपटी आवरत होतो.
आरसा अजून हातातच होता.
खिडकीकडून आलेला उजेड त्यात धरला
आणि आरसा थोडासा
डावीकडे कलता केला.