घंटावाला

आमच्या बेटावर चर्चची घंटा म्हणजे
नीरफणसाच्या फांदीला टांगलेला
गॅसचा रिकामा सिलिंडर.
पहाटे साडेचारला मी तो लोखंडी कांबीनं बडवतो.
एकवीस वर्षं.

पहिल्या वर्षी दहा ठोक्यांत गाव जागं व्हायचं.
आता चाळीस घातले तरी
भिंतीला भिंत लागून राहणारा फिनाऊ
कूस बदलत नाही.
‘ऐकू येतं रे मोसेसे,’ म्हणतो,
‘पण उठावंसं काही वाटत नाही त्यात.’

हे सांगितलं तेव्हा नर्स लोसालिने हसली.
माझं बोट टोचून झालं होतं.
चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्याही काढल्या,
काटा एकशे बेचाळीसवर ढिम्म.

म्हणाली, तुझ्या पोटातही एक घंटावाला आहे,
जठराच्या मागे बसतो.
जेवणाची साखर रक्तात उतरली की ठोके देतो:
दारं उघडा, आत घ्या.
स्नायू उघडतात. चरबी उघडते.
यकृत आपलं कोठार बंद करतं.

मग?

मग चरबी कातडीखाली मावेना.
यकृतात शिरली, स्नायूंत शिरली,
आणि एकेक घर
फिनाऊ होत गेलं.

पण काल रात्री मी काहीच खाल्लं नव्हतं!
उपाशीपोटी ही साखर आली कुठून?
‘कोठारातून. बंद कर, बंद कर म्हणून
तो रात्रभर बडवतोय,
आणि यकृत पोती बाहेर काढतंय
घरात दुष्काळ असल्यासारखं.’

मला वाटलेलं, तो आळशी असणार.
माझ्याकडे बघून लोक म्हणतात तसा.
लोसालिनेनं मान हलवली.
दुप्पट राबला तो. तिप्पट.
इतकी वर्षं साखर त्यानंच रेटून धरली,
म्हणून तर कुणाला पत्ता लागला नाही.
आता हात भरून आलेत त्याचे.

मी माझ्या तळव्यावरचे घट्टे बघत बसलो.

गोळ्यांची पाकिटं देताना ती म्हणाली, चालत जा.
चालणारा स्नायू
घंटेची वाट बघत नाही,
थोडं दार आपणहून उघडतो.

आज पहाटे दहाच ठोके दिले.
कांब मुळाशी टेकवली
आणि वाळूतून फिनाऊच्या दारापर्यंत गेलो.
लांब नाही, पण दोनदा थांबलो.
हाक मारण्याआधीच
आत कुणीतरी खोकलं.