नावात तफावत

सेक्टर अकराच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी रोज दुसऱ्यांचे अर्ज भरते,
उत्पन्नाचे, वारसाचे, रहिवासाचे.
आज बाबाचा भरते आहे.
बाबा स्टुलावर. अंगात भावोजींचा शर्ट,
त्याचा स्वतःचा दोरीवरच आहे
आणि आई तो काढत नाही.

पहिल्याच रकान्यात छापलंय : नाव.
बाबा विचारतो, कोनाचा? माजा का होरीचा?
आधी होरीचा, मी म्हणते, आणि लिहिते
धनवंती.
सव्वीस वर्षं हे नाव
मी अर्जदाराच्या ओळीत लिहीत आले.

मी सव्वा महिन्याची होते
तेव्हा दिवाळ्याच्या बंदरावर तिला पाण्यात लोटली.
रंगाऱ्याने नाळेवर माझं नाव काढलं
आणि टिंब विसरला.
धनवती.
पहिलीत अक्षरं फुटल्यावर मला ते कळलं.
मग दर नारळी पुनवेला मी ब्रश घेऊन मागे,
आणि बाबा, राहू दे गो,
टिंबानं कय होरी बुरत नाय.

बुडाली ती बार्जने.
खाडीच्या तोंडाशी, ओहोट लागताना, पहाटेच्या काळोखात,
दिवा नाही, भोंगा नाही.
बाबा ते हातांनी सांगतो.
हा हात बार्ज, हा हात होडी,
आणि होडीचा हात दुसऱ्याखाली जातो
नि तिथेच राहतो,
आपण चहा पुढे केला तरी.

उजाडेपर्यंत तो डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून होता.
चिंबोऱ्या काढायला निघालेल्या मोराव्याच्या पोरांनी
त्याला वर ओढला.

हवालदार भला माणूस. पंखा बाबाकडे वळवला.
जीवितहानी या शब्दापुढे
सुबक अक्षरात लिहिलं : निरंक.
आळीही तेच म्हणते,
जवळा वाळत टाकता टाकता,
मानूस आला ना घरा, मंग जाला.
आई हो म्हणते.
आई सगळ्यांनाच हो म्हणते आणि आधण ठेवते.

ओळखीच्या खुणा, मी वाचते.
इथे मात्र बाबा बोलू लागतो.
डाव्या अंगाची तिसरी फळी आधी पाणी पिते.
इंजिन थंडीत दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा धरतं.
मागच्या आडव्याला एक खिळा आहे,
तू येयाचीस तवा त्याला तुजा दप्तर लावायचो.
पुढच्या खोबणीत एक खेकडा राहतो,
म्हातारा, त्याला कुणी काढत नाही.
रकाना दीड ओळीचा.
मी लिहिते : सागाची, निळी, अठरा फूट.

अंदाजे किंमत.
बाबा खाली बघतो.
पुलावरून एक ट्रक जातो, मग दुसरा.
तुजे आयशीला इचार, तो म्हणतो,
पाटल्या तिच्या होत्या.

खिडकीतल्या साहेबाने कागद परत केले.
पुस्तकात धनवंती, फोटोत धनवती,
नावात तफावत.
प्रतिज्ञापत्र लागेल,
की दोन्ही नावं एकाच नावेची.

अशी प्रतिज्ञापत्रं मला तोंडपाठ आहेत,
लग्न होऊन आलेल्या बायकांची मी रोज टाईप करते.
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की.
बाबाने सही केली, अक्षर अक्षर सोडवत,
ह, सु, रा, म,
साक्षीदार म्हणून मी,
आणि टिंब एवढं दाबून दिलं
की खालच्या कार्बन कॉपीला भोक पडलं.

रात्री अडीचला बाबा उठतो.
गजर नाही, घड्याळ नाही, सवयीने.
ओट्यावर जाऊन बसतो.
समोर नवे टॉवर, त्यांचे लाल दिवे,
मधल्या फटीत खाडी असल्याचा वास.
जेटीवर इतरांच्या दोऱ्या ताणल्या जातात,
ते इथवर ऐकू येतं.

पानी भरला, तो म्हणतो,
हळू, घराला.

आई जागीच असते.
या वेळी हो म्हणत नाही.
भरू दे, म्हणते, आणि कूस बदलते.